आप्पांची अकरावी पायरी

गणपती गेलेले असतात आणि घट बसायला अजून अवकाश असतो, त्या मधल्या पंधरा दिवसांना शहरात कोणी वाली नसतो. मांडवांचे बांबू रस्त्याच्या कडेला पडून राहतात, कापडाच्या दुकानातली माणसं गल्ल्यावर बसून पेंगतात, घर बघायला निघालेले लोक ‘आता पितृपक्ष झाल्यावरच’ म्हणत घरी बसतात. सकाळी असं ऊन पडतं की पाऊस संपला म्हणावं, आणि दुपारी तीनलाच दिवे लावायची पाळी येते. घोडबंदर रोडला आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो. तिथून खाडी दिसते, म्हणजे दोन टॉवरांच्या फटीतून जेवढी दिसेल तेवढी, एक करडी पट्टी. एरवी मला तिची आठवणही होत नाही. पण भाद्रपदाच्या वद्य पक्षात ओहोटी लागली की त्या पट्टीवरून गाळाचा वास येतो आणि मी भराभर खिडक्या लावून घेते. नवरा म्हणतो, “वास वर्षभर येतो गं, तुला या पंधरा दिवसांतच कळतो.” त्याचं खरं असेल.

या वर्षी खिडक्या लावत असतानाच कल्याणहून दादाचा फोन आला.

“अमावास्येला येतेस ना? या वेळी आप्पांचं पान आहे.”

“हो, येते.”

“आठला निघ. ट्रॅफिकचं काही सांगता येत नाही. ओहोटी साडेनऊपर्यंत आहे, मी अ‍ॅपवर बघितलं.”

आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन पावणेदोन वर्षं होत आली. वर्ष पुरं व्हायच्या आत आमच्यात पान ठेवत नाहीत, त्यामुळे गेल्या भाद्रपदात काही केलं नाही आणि मी सुटल्यासारखी झाले होते. या वर्षी सुटका नव्हती. दादा पहिल्यांदाच पान घेऊन बंदराच्या पायऱ्या उतरणार होता आणि मला वर उभं राहून बघायचं होतं.

कल्याणच्या या पायऱ्या कोणी पाहिल्या नसतील असं आमच्या भागात होत नाही. शाळेची सहल बाहेर जायला जमलं नाही की इथे येते. इतिहासाच्या पुस्तकात कल्याण बंदर दोन ओळींत आटपतं, पण त्या दोन ओळी वाचून दाखवायला मास्तर लोक पोरांना उन्हात या पायऱ्यांवरच बसवतात. काळ्या दगडाच्या, चांगल्या तीस-पस्तीस फूट रुंद, सरळ खाडीच्या पाण्यात उतरत गेलेल्या. कोणी बांधल्या याबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत आहे आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. एवढं नक्की की इथे गलबतं लागायची, मीठ आणि भात चढायचं, लाकूड आणि कौलं उतरायची. हल्ली रविवारी सकाळी पाठीवर सॅक घेतलेले लोक येतात, हातांनी दगड चाचपून बघतात. लग्न ठरलेली जोडपी फोटोग्राफरला घेऊन येतात आणि मुलगी घागरा सावरत पायऱ्या उतरते. फोटोग्राफर ओरडतो, “मॅडम, अजून एक खाली, पाणी यायला पाहिजे फ्रेममध्ये.” मला त्या मुलीच्या पायांकडेच बघत राहावंसं वाटतं.

आमच्यासाठी त्या बघायच्या पायऱ्या कधीच नव्हत्या. आम्ही मूळचे इथलेच, मिठागरांवर राबलेली आणि भात लावणारी माणसं. आता मिठागरं नाहीत आणि भाताच्या जागी इमारती आहेत, पण सर्वपित्रीला घराची पायरी धरायची रीत चालू आहे. म्हणजे असं, की ज्या पायरीवर तुमच्या पणज्याच्या मचव्यातला माल उतरायचा ती तुमच्या घराची पायरी. तिथे पितरांचं पान ठेवायचं. शेजारच्या घराची नववी, त्यांच्या चुलत घराची सातवी, आमची अकरावी. सकाळी ओहोटीला एकाच माणसाने पान घेऊन उतरायचं. अनवाणी, मनातल्या मनात पायऱ्या मोजत. आपल्या पायरीवर टेकून पान ठेवायचं, तीन ओंजळी पाणी सोडायचं आणि वळून वर यायचं. बाकीच्यांनी वर उभं राहायचं. आणि उतरणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, काही झालं तरी नाही. तो त्या वेळी आपला नसतो, त्यांचा असतो, असं आई सांगायची, आणि सांगताना स्वतःच पदर घट्ट ओढून घ्यायची.

मोजायचं वरून. हे आप्पांनी मला सात-आठ वर्षांची असताना सांगितलं होतं. मी विचारलं होतं, खालून का नाही? आप्पा हसले. “खालचं पानी रोज बदलतं, बाय. आज धा पायऱ्या दिसतील, उद्या तेरा. वरची पायरी कुठं जाते?”

अकरावीच्या खाली आम्हा पोरांना जायला बंदी होती. बारावी आणि तेरावी निसरड्या. चौदावीचं नाव आईसमोर काढलेलं चालायचं नाही. तिचा मधला दगड दुभंगलेला होता आणि फटीत माणसाचा पाय मांडीपर्यंत जाईल एवढी पोकळी होती. वरून शेवाळ असल्यामुळे ती फट दिसायची नाही, आणि मोठी ओहोटी असली तरी तिच्यावर घोटाभर पाणी असायचंच. आप्पांचे आजोबा तिथूनच गेले. मचव्यावरून उतरले, पाय फटीत अडकला आणि भरती लागली. वर माणसं होती, हात ओढत होती, पण पाय निघेना. पाणी गळ्याशी आलं तोवर ते शुद्धीवर होते आणि बोलत होते, असं सांगतात. काय बोलत होते ते कोणी सांगत नाही. चौदावी माणूस मागते, असं आमच्या आळीत बायका म्हणायच्या आणि आम्ही पोरं पावसाळ्यात वरून तिच्याकडे दगड टाकून पळून जायचो.

मी ड्राफ्ट्समन आहे. बाई असून ड्राफ्ट्समन कसं म्हणायचं यावर ऑफिसात विनोद करून झाले, मी त्याचं वाईट वाटून घेत नाही. सतरा वर्षं नकाशे काढते आहे. रस्ते, गटारं, संरक्षक भिंती, कधी एखादं उद्यान. या कामाने माझ्या डोळ्यांना एक खोड लागली आहे, कुठलीही गोष्ट मला उभी कापल्यासारखी दिसते. फुटपाथ बघितला की त्याखालची खडी दिसते, त्याखालचा मुरूम, त्याखालची पाण्याची लाईन. माणसांच्या बाबतीत एवढं दिसत नाही, नाहीतर बरं झालं असतं.

ठाण्यातल्या आमच्या खासगी ऑफिसात बंदराच्या सुशोभीकरणाचं काम आलं तेव्हा मी ते मागून घेतलं. फुशारकी होती त्यात, नाही म्हणत नाही. त्या रविवारी कल्याणला जाऊन जेवताना आप्पांना सांगितलं, “आपल्या पायऱ्यांचं काम माझ्याकडे आलंय.” मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी ताटातला हात थांबवला.

“पायऱ्यांना हात लावू नको, बाय.”

“नाही हो आप्पा. वरचा रस्ता, कठडा, दिवे, बाकडी. पायऱ्यांचा एक दगड हलणार नाही.”

“बघ हां.”

“शब्द देते.”

आणि मी शब्द पाळला, हेच तर आहे. एक दगडही हलला नाही. पण पावसाळ्यात बंदराचा रस्ता पाण्याखाली जातो, म्हणून तो उंच करायचा ठरलं. रस्त्याबरोबर त्याला लागून फिरायचा ओटा उंच झाला. ओटा उंच झाला की त्याची पुढची कड पायऱ्यांवर येते. वरच्या तीन पायऱ्या भरावाखाली जाणार हे मी काढलेल्या उभ्या छेदात स्वच्छ दिसत होतं. तिथे भरावाच्या तिरक्या रेघा मारायच्या होत्या आणि त्या मीच मारल्या. पहिली, दुसरी, तिसरी. हात थांबला होता का? थोडा थांबला. साहेबांना म्हटलं, “सर, तीन पायऱ्या जातात यात.” ते म्हणाले, “अगं, खाली सोळा राहतायत ना. बास झाल्या.” मी पुढच्या कामाला लागले.

घरी मी हे बोलले नाही. एकदा नाही, वर्षभरात नाही. काम चालू होतं तेव्हा बंदराला पत्रे ठोकलेले होते, कोणाला आत जाता येत नव्हतं. त्या वर्षीचं पान आप्पांनी घराच्या गच्चीत ठेवलं आणि चार दिवस त्यांचं तोंड उतरलेलं होतं. मला वाटायचं सांगू, पुढच्या खेपेला सांगू. मग आप्पांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. दोन्ही बाजूंनी नजर आत आत येत चालली होती. डॉक्टर म्हणाले, गेलेली येणार नाही, आहे ती टिकवू. आता त्यांना कशाला त्रास द्या, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला त्यांच्यासमोर खोटं पडायचं नव्हतं. आयुष्यात त्यांना दिलेला तो एकच शब्द होता आणि मी तो अक्षराने पाळून अर्थाने मोडला होता.

तो भाद्रपद आठवतो म्हणजे दिवसागणिक आठवतो. पाऊस लांबला होता. पत्रे निघाले होते, दिवे लागले होते, नवीन फलक बसला होता. त्यावर ‘ऐतिहासिक एकोणीस पायऱ्या’ असं लिहिलेलं होतं. खाली सोळाच होत्या, पण फलक वाचणारं कोणी मोजत नाही. दादा फोनवर म्हणालेला, “एकदम मस्त केलंय गं, आप्पांना सांगितलं मी, तुमच्या पोरीने केलंय म्हणून.” आप्पा आळीत चार जणांना सांगून आले होते. पंधरवडा पुढे सरकत होता. तेवढ्या दिवसांत मी तीनदा फोन लावला. एकदा आप्पा झोपले होते. एकदा उचलला तर डोळ्यांत थेंब घालून बसले होते आणि विचारलं, “काय गो बाय?” मी म्हटलं, “काही नाही, जेवलात का?” तिसऱ्यांदा वहिनी होती.

अमावास्येला सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. मी आणि आप्पा मागे, दादा पुढे ड्रायव्हरशेजारी अवघडून बसलेला. आप्पांच्या मांडीवर पान होतं, केळीच्या पानात भात, वडे, भोपळ्याची भाजी, अळू, खिरीचा द्रोण. रिक्षात खिरीचा आणि ओल्या कपड्यांचा वास कोंडला होता. आप्पांनी नवं धोतर नेसलं होतं. मला वाटेत पाच मिनिटं मिळाली होती. “आप्पा,” मी म्हटलं. “हां?” त्यांनी मान माझ्याकडे वळवली, पण नजर माझ्या कानापलीकडे गेली. मी म्हटलं, “पान मी धरू का?” ते म्हणाले, “नको, राहू दे. धरलंय मी.”

बंदरावर उतरल्यावर मी दादाला बाजूला घेऊन म्हटलं, “त्यांना एकटं सोडू नको, मी जाते बरोबर.” दादा वैतागला. “अगं, पान घेऊन एकच जण उतरतो, माहितीये ना? मी बोललो त्यांना, मी जातो म्हणून. ऐकतायत कुठे? या वर्षी करतो, पुढल्या वर्षीपासून तू, म्हणाले. जाऊ दे.” आप्पांनी चपला काढल्या. नव्या ओट्याच्या फरश्यांवर पाय घासून बघितला. “गुळगुळीत केलंय,” ते म्हणाले. कठड्याला धरून कडेपर्यंत गेले, पायाच्या अंगठ्याने पहिली पायरी शोधली आणि उतरले.

मी मोजत होते. एक. दोन. हवा अगदी पडलेली होती. खाडीचं पाणी खाली, काळं, हलतसुद्धा नव्हतं, गाळात अडकलेले गणपतीचे हार दिसत होते. तीन. चार. आप्पा सावकाश, पण एका लयीत उतरत होते, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून. पाच. सहा. मला वाटलं त्यांच्या पायांना कळेल. साठ वर्षं उतरताहेत, दगड ओळखतील. सात. आठ. आठवीवर ते जरासे थांबले. देवाशप्पथ सांगते, थांबले. त्यांच्या पायांना काहीतरी कळलं असावं. मी तोंड उघडलं आणि दादाने माझं मनगट धरलं. “शूऽऽ. हाक मारू नको.”

मला ओरडता आलं असतं. रीत मोडली असती, बस. मला धावत खाली जाता आलं असतं, आठ पायऱ्यांना किती वेळ लागतो? पण धावले असते तर का धावले ते सांगावं लागलं असतं, तिथेच, दादासमोर, पान हातात धरलेल्या आप्पांसमोर. तेवढ्या दोन श्वासांत मी एवढा हिशेब केला. त्यावेळी भीती वाटली म्हणून थिजले, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मी थिजले नव्हते, मी विचार करत होते.

नऊ. दहावीवर त्यांचा पाय सरकला, सावरले. आणि त्यांच्या मोजणीने अकरावी.

आवाज मोठा आला नाही. पान पाण्यात पडलं, द्रोण उलटा तरंगला, आणि आप्पा एका बाजूला बसल्यासारखे झाले. उजवा पाय दिसतच नव्हता. दादा चार ढांगांत खाली गेला. मीही गेले, आता जाऊन काय उपयोग होता तरीही गेले. फोटो काढायला आलेले दोन तरुण धावून आले. चौघांनी मिळून फटीतून पाय काढला तेव्हा आप्पा कण्हत नव्हते, इकडेतिकडे बघत होते, त्या अरुंद झालेल्या नजरेने काठ शोधत होते. मला म्हणाले, “कितवी ही?” दादा म्हणाला, “आप्पा, ते राहू द्या आता.” खाली कुठेतरी गाळात बुडबुडे फुटत होते. भरती लागायला वेळ होता, हे आमचं नशीब, असं तेव्हा सगळे म्हणाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून आप्पांना माझ्याकडे आणलं. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष आणि अर्धा पौष, असे जवळजवळ चार महिने ते माझ्या घरात, खाडीची पट्टी दिसते त्या खोलीत होते. त्यांना पट्टी दिसत नव्हती, पण ओहोटी लागलेली माझ्याआधी त्यांना कळायची.

पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, “मोजनी चुकली गो माझी. शेवाल लागलं पायाला, तवाच समजायला पायजे व्हतं. मना वाटलं, वरीसभर कोनी उतरलं नाय, म्हनून असंल.” मी त्यांचं पांघरूण नीट करत होते. तेव्हा सांगता आलं असतं. त्या वेळी तर कोणी मनगट धरलेलं नव्हतं.

मग ते मोजायला लागले. आधी मला कळलं नाही. गोळ्या हातात घेतल्या की बोटाने चाचपून म्हणायचे, “चार हायत. बरोबर?” मी म्हणायचे, बरोबर. पोळीचे घास मोजायचे. नर्स खोलीतून दारापर्यंत किती पावलं चालते ते मोजायचे. खाली पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना वाजणारे आवाज मोजायचे आणि मला विचारायचे, “अकराच वाजले ना?” मी लक्ष दिलेलं नसायचं, तरी हो म्हणायचे. त्यांना पायाचं दुःख कमी आणि याचंच जास्त होतं. साठ वर्षं चुकले नाहीत आणि शेवटी आपल्या बापाच्या पानाला चुकले, पान पाण्यात सांडलं, म्हणजे आपलं डोकं गेलं, असं त्यांनी धरलं होतं. भेटायला येणाऱ्यांना स्वतःच सांगायचे, “आकडा नाय ऱ्हात आता माझ्या डोक्यात.” लोक म्हणायचे, वय झालं आप्पा, चालायचंच. मीही मान हलवायचे. घरात मी चहा केला, लघवीचं भांडं दिलं, केस विंचरले, पाठीला पावडर लावली, शेजारणी म्हणाल्या अशी मुलगी सगळ्यांना मिळो. आणि रोज त्या माणसाच्या डोक्यातून त्याचा शहाणपणा निघून जाताना मी बघत होते, एका वाक्यात तो परत देता आला असता तरी.

पौषात छातीत कफ झाला. दोन दिवसांत गेले. शेवटच्या दुपारी त्यांचे ओठ हलत होते, मी कान लावला. मोजत होते. कितीपर्यंत पोचले ते मला ऐकू आलं नाही.

यंदाच्या अमावास्येला मी साडेआठलाच कल्याणला पोचले. दादाने धोतर नेसलं होतं, त्याला ते नीट जमलं नव्हतं आणि वहिनीने पिना लावून दिल्या होत्या. बंदरावर तुरळक माणसं होती. शेजारच्या घरातला एक जण आपलं पान ठेवून वर येत होता, नववीवर की कितवीवर ते मी बघितलं नाही. खाडी तशीच खाली गेलेली, तोच वास. दादाने चपला काढल्या आणि पान दोन्ही हातांत घेतलं.

“अकरा ना?” तो म्हणाला. “आपली अकरावी. या वेळी नीट मोजतो, आप्पांसारखं नको व्हायला.”

तो कडेकडे निघाला. त्याने एक पाय खाली टाकला की मग त्याला हाक मारता येणार नव्हती.

“आठ,” मी म्हटलं.

“काय आठ?”

“आपली पायरी आता आठवी आहे. वरच्या तीन या ओट्याखाली गेल्यात.”

त्याला आधी समजलंच नाही. मग त्याने पायाखालच्या फरशीकडे बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं, आणि मनातल्या मनात मोजलं असावं. अकरावीवर त्याची नजर थांबली. तिथे घोटाभर पाणी होतं.

“तुला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगेल? मीच काढलाय नकाशा.”

“म्हणजे तुला...” त्याने पान कठड्यावर टेकवलं. “तेव्हा? आप्पा उतरले तेव्हा?”

“माहिती होतं.”

“मी तुझा हात धरलेला.”

“हो. पण तू धरला नसतास तरी मी ओरडले असते की नाही, मला माहीत नाही, दादा.”

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. लहानपणी माझ्यावर हात उगारायचा पण मारायचा नाही. मला वाटलं आज मारेल, आणि मारावं असं वाटत होतं.

“चार महिने तुझ्याकडे होते ते,” तो म्हणाला. “चार महिने ते मला फोनवर सांगायचे, बाळ्या, माझी मोजणी गेली रे. मी म्हणायचो, सोडा ना आप्पा, होतं असं. मीपण तेच म्हणायचो. तू बाजूला बसलेली असायचीस.”

“हो.”

“एवढंसं बोलायचं होतं गं.”

त्याने पान उचललं आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरायला लागला. आठव्या पायरीवर टेकला. पान ठेवलं, तीन ओंजळी पाणी सोडलं. मग लगेच उठला नाही. वाकून पाण्याशी काहीतरी बोलला. वर आला तेव्हा धोतराची पिन सुटली होती आणि डोळे लाल होते.

“काय बोललास?” मी विचारलं.

“सांगितलं त्यांना, की तुमचं बरोबर होतं.” त्याने चपलांत पाय घातले. “का बरोबर होतं ते तू जाऊन सांग. ते माझं काम नाही.”

तो रिक्षाकडे निघून गेला. मी कडेपाशी उभी होते. खाली उतरायला अडवणारं कोणी नव्हतं. थोड्या वेळाने भरती लागली, आवाज न करता, अकरावीवरून दहावीवर, दहावीवरून नववीवर. उन्हं वर आली, माझ्या मागे कोणीतरी फोटो काढून गेलं. मी मनात वाक्य जुळवत होते. आप्पा, तीन पायऱ्या मी पुरल्या, एवढंच तर होतं. पाणी आठवीवर आलं, पान अलगद उचललं गेलं आणि भात सुटून पसरला, तेव्हाही मी वरच उभी होते.